टिळकनगर (फैजपूर)

टिळकनगर हे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या ५० व्या अधिवेशनासाठी डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील (सध्याचा जळगाव जिल्हा) फैजपूर येथे उभारलेले तात्पुरते नगर होते. लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव देण्यात आले. काँग्रेसचे ग्रामीण भागात भरलेले हे पहिले अधिवेशन होय. जवाहरलाल नेहरू त्याचे अध्यक्ष होते. शहरातील पक्क्या इमारती आणि भाड्याने आणलेले तंबू यांच्याऐवजी बांबू व अन्य स्थानिक साहित्य वापरून, स्थानिक कारागिरांच्या हातांनी संपूर्ण नगर उभे करणे, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होते. वास्तुरचनेचे काम म्हात्रे यांनी, तर कलात्मक मांडणीचे काम शांतिनिकेतनमधील चित्रकार नंदलाल बोस यांनी पाहिले.

लहान, स्वस्त व परिसरातील साहित्यातून बांधलेले निवारे आणि त्यांत राहणाऱ्यांनी स्वीकारलेली साधी राहणी, यांचा महाराष्ट्रात सार्वजनिक पातळीवर झालेला मोठा प्रयोग म्हणून टिळकनगराकडे पाहता येते. त्याच वर्षी वर्ध्याजवळील सेगाव (पुढचे सेवाग्राम) येथे महात्मा गांधींची कुटी उभी राहत होती. दोन्ही प्रयोगांमागील विचार एकच होता.

पार्श्वभूमी

काँग्रेसची स्थापना १८८५ मध्ये मुंबईत झाली. त्यानंतरची सुमारे पन्नास वर्षे तिची वार्षिक अधिवेशने मुंबई, कोलकाता, मद्रास, लाहोर, कराची, लखनौ अशा शहरांत भरत. मंडप, निवास, भोजन, पाणी व दिवाबत्ती यांची सोय शहरात तुलनेने सहज होई. मात्र देशातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहत असताना त्यांच्या नावाने बोलणारी संस्था खेड्यात पाऊल ठेवत नाही, ही विसंगती गांधींना खटकत होती.

१९३४ मध्ये गांधींनी काँग्रेसच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि ग्रामोद्योगांच्या पुनरुज्जीवनाकडे लक्ष वळवले. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. त्याचे मुख्यालय वर्ध्यात होते आणि जे. सी. कुमारप्पा यांनी त्याच्या संघटनेची धुरा सांभाळली. हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, गूळ, हातकागद, मधुमक्षिकापालन, चर्मोद्योग हे या संघाचे विषय होते. घरबांधणी आणि ग्रामस्वच्छताही त्याच विचाराच्या कक्षेत येत होती. गावात जे पिकते, वाढते किंवा खणून मिळते, त्यातूनच गावाच्या गरजा भागवल्या, तर पैसा गावात राहतो आणि कारागिराला काम मिळते, असा या विचाराचा आर्थिक पाया होता.

एप्रिल १९३६ मध्ये लखनौ येथे ४९ वे अधिवेशन भरले. तेथील खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाच्या सजावटीसाठी गांधींनी नंदलाल बोस यांना बोलावले होते. त्यानंतरचे अधिवेशन महाराष्ट्रात भरणार होते. ते शहराऐवजी खेड्यात भरवण्याची कल्पना गांधींनी उचलून धरली आणि त्यासाठी फैजपूरची निवड झाली.

सेगावची कुटी

३० एप्रिल १९३६ रोजी गांधी वर्ध्याहून सेगावला राहायला गेले. ही जमीन जमनालाल बजाज यांच्या मालकीची होती. तेथे प्रथम उभे राहिलेले घर 'आदि निवास' या नावाने ओळखले जाते. त्यात गांधी, कस्तुरबा, सहकारी आणि पाहुणे अशी सर्वच मंडळी राहत. पुढे मीराबेन यांनी स्वतःसाठी रचलेल्या कुटीत गांधी राहू लागले. तीच आज 'बापू कुटी' म्हणून प्रसिद्ध आहे. मातीच्या भिंती, लाकूड व बांबूचा सांगाडा, कौलांचे उतरते छप्पर, सारवलेली जमीन, बसायला चटई आणि लिहायला बैठे मेज एवढाच या घराचा संसार होता. भिंतींवर ताडाची झाडे, चरखा व ॐ यांची मातीतील उठावचित्रे मीराबेन यांनी काढली. साहित्य जवळपासचे असावे, मजूर गावातले असावेत आणि खर्च खेडूताला परवडेल इतपतच असावा, या अटींवर ही बांधकामे झाली.

एका व्यक्तीच्या कुटीपुरता हा नियम पाळणे शक्य होते. हजारो प्रतिनिधी व प्रेक्षकांच्या नगराला तो लागू करता येईल का, या प्रश्नाची परीक्षा त्याच वर्षी फैजपूरला झाली.

स्थळ

फैजपूर हे तापी नदीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याकडील सपाट व सुपीक पट्ट्यात वसलेले आहे. ते यावल तालुक्यात असून बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्गावर यावल आणि सावदा यांच्या दरम्यान येते. भुसावळ–खांडवा लोहमार्गावरील सावदा स्थानकामुळे रेल्वेने येणाऱ्यांची सोय होत होती. भुसावळ हे मोठे जंक्शन असल्यामुळे मुंबई, नागपूर, वर्धा आणि उत्तर हिंदुस्थान या सर्व दिशांनी येणे शक्य होते. खेडे असूनही रेल्वेच्या टप्प्यात असणे ही या जागेची मोठी जमेची बाजू होती.

ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश (मुख्यालय जळगाव) आणि पश्चिम खानदेश (मुख्यालय धुळे) असे विभाजन झाले होते. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हे जिल्हे अनुक्रमे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. यावल–रावेर पट्टा कापूस आणि केळी यांसाठी प्रसिद्ध आहे. उत्तरेकडील सातपुड्याच्या जंगलात साग व बांबू मिळत असे, आणि तो बैलगाड्यांनी पायथ्याच्या बाजारपेठांत येई. नगर बांधण्यासाठी लागणारा मुख्य माल अशा रीतीने जवळच उपलब्ध होता.

खानदेशातील पारंपरिक घरबांधणी

टिळकनगरामागील 'स्थानिक साहित्य, स्थानिक हात' या तत्त्वाला खानदेशात जुनी परंपरा होती. या भागात घरांचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळत.

मैदानी गावांत धाब्याची घरे सर्वत्र दिसत. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि सर्वांत वर चोपून बसवलेली माती, अशी धाब्याची रचना असते. भिंती मातीच्या वा कच्च्या विटांच्या व जाड असत. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणाऱ्या या प्रदेशात मातीचा जाड थर दिवसाची उष्णता उशिरा आत पोहोचू देतो. सपाट धाबे धान्य, मिरच्या व पापड-कुरडया वाळवायला आणि उन्हाळ्यात रात्री झोपायला उपयोगी पडते. मात्र दर पावसाळ्यापूर्वी त्यावर माती टाकून चोपून घ्यावी लागते. ती कुचराई झाली की धाबे गळू लागते.

सातपुड्यातील भिल्ल, पावरा व तडवी वस्त्यांत आणि मैदानातील मजुरांच्या वस्त्यांत कुडाच्या झोपड्या असत. बांबूच्या चिंभा, तुराट्या किंवा पऱ्हाट्या यांचा कूड विणून त्यावर शेणमातीचा लेप देत. वर गवत किंवा कौले घालीत. अशी झोपडी थोड्या दिवसांत, नातेवाईक व शेजारी यांच्या मदतीने उभी राहते. तिचे सुटे भाग पुन्हा वापरता येतात, आणि जे वापरता येत नाहीत ते मातीत मिसळून जातात. थोड्या अवधीसाठी नगर उभारायचे असल्यास धाब्यापेक्षा ही दुसरी पद्धत अधिक सोयीची होती.

संयोजन

अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्ष शंकरराव देव होते. खानदेशातील काँग्रेस कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष तयारीचा भार उचलला. त्यांत खिरोदा येथील धनाजी नाना चौधरी आणि भुसावळचे वासुदेव विठ्ठल तथा अण्णासाहेब दास्ताने हे प्रमुख होते. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेतील नोकरी १९३० मध्ये सोडून स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली होती. अधिवेशनाच्या निमित्ताने त्यांनीही खानदेशातील गावोगावी प्रचाराचे काम केले.

शहरातील अधिवेशनात स्वागत समितीला जी कामे कंत्राटदारांवर सोपवता येत, ती येथे स्वयंसेवकांना आणि गावकऱ्यांना करावी लागली. शेतजमिनीवर रस्ते आखणे, पाण्याची व्यवस्था करणे, निवारे बांधणे, स्वयंपाकघरे चालवणे आणि मैल्याची विल्हेवाट लावणे ही सारी कामे शून्यापासून सुरू करावी लागत होती. त्यामुळे अधिवेशनाची तयारी हीच ग्रामीण कार्यकर्त्यांसाठी एक कार्यशाळा ठरली.

रचना आणि बांधकाम

नंदलाल बोस यांना फैजपूरला बोलावताना गांधींनी आपली अपेक्षा स्पष्ट केली होती. सजावट बाहेरून आणून चिकटवायची नव्हती. ती बांधकामातूनच निघायला हवी होती. आपण चित्रकार आहोत, वास्तुरचनाकार नाही, असा संकोच नंदलाल यांनी व्यक्त केला. गांधींना मात्र या कामासाठी तज्ज्ञतेपेक्षा कळकळ महत्त्वाची वाटत होती. अखेर रचनेची तांत्रिक बाजू म्हात्रे यांनी सांभाळली आणि नंदलाल यांनी प्रवेशद्वारे, प्रदर्शन व परिसर यांना रूप दिले. प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी गांधींनी या दोघांना जाहीरपणे श्रेय दिले. स्थानिक साहित्य व स्थानिक श्रम यांवरच ही निर्मिती उभी आहे, याचा त्यांनी आवर्जून उल्लेख केला.

नगराच्या बांधकामात बांबू हे प्रमुख साहित्य होते. बांबू वजनाने हलका असून ताण चांगला सहन करतो. मात्र तो उभा चिरतो, म्हणून त्यात खिळा ठोकण्याऐवजी सांधे दोरीने आवळून बांधण्याची पद्धत आहे. ग्रामीण महाराष्ट्रात यासाठी काथ्या, सुतळी किंवा अंबाडीचा वाख वापरतात. पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला बांबू अधिक टिकतो. काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिष्टमय अंश कमी होतो आणि कीड लागण्याचे प्रमाण घटते. कांबीपासून विणलेले तट्टे भिंतींसाठी, आडोशासाठी व छतासाठी वापरता येतात. बुरूड, सुतार व शेतमजूर यांना ही कामे पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. आराखडा कागदावर तपशीलवार काढून कारागिरांना शिकवण्याची गरज त्यामुळे कमी झाली.

डिसेंबर महिना निवडण्याचाही फायदा झाला. खानदेशात या काळात पाऊस जवळजवळ नसतो. दिवस कोरडे व सुसह्य, तर रात्री थंड असतात. त्यामुळे पाणी रोखणाऱ्या भक्कम छपराऐवजी ऊन व दव अडवणारे हलके आच्छादन पुरेसे ठरते. अशा बांधकामातील मुख्य धोका आगीचा असतो. म्हणून स्वयंपाकाच्या चुली निवाऱ्यांपासून दूर ठेवणे आणि झोपड्यांच्या ओळींमध्ये मोकळी जागा सोडणे आवश्यक असते. यात्रांमधील वस्त्यांतही हाच संकेत पाळला जातो.

नंदलाल यांच्या कामाचे महत्त्व कलेच्या इतिहासातही नोंदले गेले आहे. बांबूचा सांगाडा झाकून न टाकता त्याच्याच उभ्या-आडव्या रेषांतून आकार साधणे, खेड्यातील रोजच्या वस्तू सजावटीत वापरणे आणि कलावंत व कारागीर यांतील भेद पुसणे ही त्याची सूत्रे होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा येथील अधिवेशनासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली, ग्रामीण जीवनावरील चित्रमालिका अधिक प्रसिद्ध आहे. तिच्यामागील अनुभवाचा एक भाग फैजपूरला मिळाला होता.

खादी व ग्रामोद्योग प्रदर्शन

२५ डिसेंबर १९३६ रोजी गांधींच्या हस्ते प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. असे प्रदर्शन म्हणजे करमणुकीची जत्रा नसून शिक्षणाचे साधन आहे, अशी त्यांची भूमिका होती. खेड्यातील माणसाला तेथे आपल्याच हातच्या कामाची किंमत कळावी आणि शहरातून आलेल्याला खेडे काय देऊ शकते ते दिसावे, हा हेतू होता. कताई, विणकाम आणि इतर ग्रामोद्योग यांना प्रदर्शनात स्थान होते. प्रदर्शनाची इमारत स्वतःच एक प्रदर्शनवस्तू होती. कारण ज्या कौशल्यांचा पुरस्कार करायचा, त्यांच्याच आधारे ती उभी राहिली होती.

नगरातील जीवन

टिळकनगरात साधी राहणी ही केवळ उपदेशाची बाब नव्हती. व्यवस्थेचाच तो भाग होता. देशातील आघाडीचे नेते, प्रांतोप्रांतीचे प्रतिनिधी आणि परिसरातील शेतकरी एकाच प्रकारच्या साहित्याने बांधलेल्या नगरात वावरत होते. खोलीत सामान कमी, बैठक जमिनीवर, वस्त्र खादीचे आणि जेवण पंगतीत, ही आश्रमीय जीवनाची पद्धत होती.

स्वच्छता हा या व्यवस्थेचा सर्वांत अवघड आणि सामाजिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा भाग होता. हलक्या निवाऱ्यांच्या दाट वस्तीत सांडपाणी व मैला यांची व्यवस्था बिघडली, तर रोगराई पसरायला वेळ लागत नाही. पूर्वी हे काम विशिष्ट जातीच्या सफाई कामगारांवर ढकलले जाई. गांधींच्या प्रभावाखालील कार्यकर्ते ते स्वतः करीत. फैजपूरच्या सफाईकामात कोकणातील कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांचा पुढाकार होता. सवर्ण स्वयंसेवकांनी मैला साफ करणे ही त्या काळातील ग्रामीण समाजाला हादरा देणारी घटना होती. आश्रमांत रूढ असलेल्या पद्धतीत चर खणून मैला कोरड्या मातीने झाकला जाई आणि कालांतराने त्याचे सोनखत शेतात वापरले जाई.

साधे घर टिकते ते त्याच्या भिंतींमुळे नव्हे, तर त्याभोवतीच्या सामूहिक शिस्तीमुळे, हे या अनुभवातून अधोरेखित झाले. पाणी, सफाई आणि स्वयंपाक ही कामे वाटून घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जागा व वस्तू कमी असूनही चालते.

अधिवेशन

अधिवेशनाचे मुख्य कामकाज २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी झाले. काँग्रेसचे पहिले अधिवेशन ज्या मुंबईत भरले होते, तेथून धावपटूंनी हातोहात एक मशाल फैजपूरपर्यंत आणली. अध्यक्ष नेहरू यांची मिरवणूक बैलजोड्यांनी ओढलेल्या, सजवलेल्या रथातून निघाली. शहरांतील अधिवेशनांत घोडागाड्या व मोटारी यांना जे स्थान असे, ते येथे शेतकऱ्याच्या बैलांना मिळाले.

शेतकऱ्यांचा मोर्चा आणि कृषी कार्यक्रम

याच सुमारास फैजपूरला अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशन एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यासाठी वि. म. भुस्कुटे आणि जे. बुखारी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ५०० शेतकऱ्यांनी मनमाडपासून फैजपूरपर्यंत पायी मोर्चा काढला. वाटेतील गावांत सभा घेत त्यांनी २०० मैलांहून अधिक अंतर कापले. नेहरू, शंकरराव देव, मानवेंद्रनाथ रॉय, आचार्य नरेंद्र देव, श्रीपाद अमृत डांगे, युसूफ मेहेरअली आदींनी त्यांचे स्वागत केले.

काँग्रेसने या अधिवेशनात कृषी कार्यक्रमाचा ठराव मंजूर केला. खंड व शेतसारा यांत भरीव कपात, न परवडणाऱ्या लहान शेतजमिनींना साऱ्यातून सूट, ग्रामीण कर्जाचा भार हलका करणे, वेठबिगारी व सरंजामी देणी बंद करणे, कुळांना जमिनीची शाश्वती, शेतमजुरांना जगण्यापुरते वेतन आणि शेतकरी संघटनांना मान्यता या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. १९३५ च्या भारत सरकार कायद्याला विरोध आणि संविधान सभेची मागणी यांचाही पुनरुच्चार झाला. १९३७ च्या प्रारंभी होणाऱ्या प्रांतिक निवडणुकांच्या तोंडावर हे ठराव आले होते. त्या निवडणुकांनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले.

मूल्यमापन आणि मतभेद

टिळकनगराच्या प्रयोगाकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन फैजपूरलाच आमनेसामने आले होते. गांधींच्या दृष्टीने खेड्याच्या साधनांवर जगून दाखवणे हीच स्वराज्याची तयारी होती. नेहरू, नरेंद्र देव यांच्यासारख्या समाजवादी विचारांच्या नेत्यांच्या दृष्टीने ग्रामीण दारिद्र्याचे मूळ जमीनधारणा, कर्ज व परकीय राज्य यांत होते. ते केवळ राहणी बदलल्याने जाणारे नव्हते. पायी चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्याही घराच्या आकाराबद्दल नव्हत्या. त्या खंड, सारा व कर्ज यांबद्दल होत्या.

स्वेच्छेने स्वीकारलेला साधेपणा आणि नाइलाजाने वाट्याला आलेली गरिबी यांतील फरक या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. प्रतिनिधी काही दिवस झोपडीत राहून परत जाणार होते. सातपुड्याच्या पायथ्याचा मजूर मात्र पावसाळ्यातही तशाच झोपडीत राहत होता. त्याच्यासाठी गळके छप्पर आणि ओल हे आरोग्याचे प्रश्न होते. साध्या घराची गांधीप्रणीत कल्पना या फरकाकडे दुर्लक्ष करणारी नव्हती. हवा, उजेड, स्वच्छता आणि संडास यांबाबत ती पारंपरिक झोपडीत सुधारणा सुचवीत होती. तरीही घर लहान ठेवण्याची निवड आणि मोठे घर बांधण्याची असमर्थता एकाच मापाने मोजता येत नाहीत, हा आक्षेप पुढेही टिकून राहिला.

दुसरा प्रश्न खर्चाचा होता. मोठ्या जनसमुदायासाठी पाणी, प्रकाश व वाहतूक यांची सोय करताना साहित्य कितीही स्थानिक असले, तरी व्याप वाढतो. फैजपूरनंतर हरिपुरा (१९३८), त्रिपुरी (१९३९) आणि रामगढ (१९४०) ही अधिवेशनेही ग्रामीण परिसरात भरली. हरिपुरा येथील 'विठ्ठलनगर' भव्यतेबद्दल गाजले. परंतु तेथील खर्चाबद्दल गांधींनी नाराजी व्यक्त केली होती. खेड्यात भरणे आणि खेड्यासारखे भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसून आले.

लघुगृह चळवळीशी तुलना

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लघुगृह चळवळ आकाराला आली. तेथील आदर्श बांधकाम संहितेत सुमारे ४०० चौरस फूट (३७ चौरस मीटर) किंवा त्याहून कमी क्षेत्रफळाच्या घराला लघुगृह मानले जाते. घरांच्या वाढत्या किमती, कर्जाचे ओझे आणि वस्तूंचा अतिरेक यांना कंटाळून अनेकांनी लहान घरे स्वीकारली. या चळवळीत हेन्री डेव्हिड थोरो याचा वारंवार उल्लेख होतो. १८४५ मध्ये तो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या १० फूट × १५ फूट आकाराच्या घरात राहायला गेला. त्यासाठी आलेला २८ डॉलर १२½ सेंट हा खर्च त्याने आपल्या 'वॉल्डन' (१८५४) या ग्रंथात तपशीलवार मांडला. गांधींनी थोरोचे लेखन वाचले होते.

या दोन परंपरांत साम्य असले, तरी फरकही आहेत. थोरोचे घर एका माणसाच्या एकांतासाठी होते आणि आधुनिक लघुगृह बहुधा एका कुटुंबाच्या आर्थिक स्वातंत्र्यासाठी असते. सेगाव व फैजपूर येथील कुट्या समूहासाठी होत्या. पाणी, स्वयंपाक, सफाई आणि काम हे सामाईक होते. लघुगृह अनेकदा कारखान्यातील साहित्यातून व चाकांवर बांधले जाते. कुटी मात्र जागेशी, तेथील मातीशी आणि तेथील कारागिराशी बांधलेली असते.

विचारवंत इव्हान इलिच यांनी जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथे केलेल्या भाषणात बापू कुटीचे विवेचन केले होते. माणसाचे सामान साठवण्याची जागा आणि माणसाने राहण्याची जागा यांत त्यांनी भेद केला. वस्तू वाढवत गेल्याने माणूस त्या वस्तूंवर अवलंबून राहतो व त्याची स्वतःची क्षमता क्षीण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे भाषण पर्यायी तंत्रज्ञान व वास्तुकला यांच्या अभ्यासकांत आजही वाचले जाते.

वारसा

टिळकनगर हे तात्पुरते असल्याने अधिवेशनानंतर राहिले नाही. त्याचे अवशेष नसणे हे त्याच्या रचनेच्या तत्त्वाशी सुसंगतच आहे. बांबू, तट्टे आणि दोर यांचा पुनर्वापर होतो किंवा ते मातीत मिसळतात. फैजपूरचे नाव मात्र काँग्रेसच्या व शेतकरी चळवळीच्या इतिहासात कायम राहिले. 'फैजपूर कृषी कार्यक्रम' हा स्वातंत्र्यपूर्व जमीनसुधारणांच्या चर्चेतील एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

फैजपूर येथील महाविद्यालयाला धनाजी नाना चौधरी यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे पुत्र मधुकरराव चौधरी हे पुढे महाराष्ट्राचे शिक्षणमंत्री व विधानसभेचे अध्यक्ष झाले. रावेर तालुक्यातील खिरोदा या गावी शैक्षणिक संस्थांचे जाळे उभे राहिले. त्यात ललित कलेचे शिक्षण देणारे महाविद्यालयही आहे. जळगावजवळील जैन हिल्स येथे भवरलाल जैन यांच्या प्रेरणेने उभारलेले 'गांधी तीर्थ' हे संग्रहालय व संशोधन केंद्र २०१२ मध्ये खुले झाले. त्याचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले.

खानदेशातील घरबांधणी मात्र वेगळ्या दिशेने गेली. धाब्याच्या घरांची जागा सिमेंटच्या स्लॅबने आणि कुडाच्या झोपड्यांची जागा पत्र्याच्या छपरांनी घेतली. दरवर्षी माती चोपण्याचे व सारवण्याचे कष्ट त्यामुळे वाचले, परंतु उन्हाळ्यात ही घरे अधिक तापतात. धाब्याची डागडुजी करणारे आणि तट्टे विणणारे हातही कमी होत गेले. स्थानिक साहित्यातून बांधलेले लहान घर आजच्या गरजांना पुरे पडावे यासाठी बांबूवरील प्रक्रिया, मातीच्या विटांत सुधारणा आणि पाया व छप्पर यांचे ओलीपासून संरक्षण हे उपाय वास्तुरचनाकार सुचवतात. फैजपूरला काही दिवसांसाठी सोडवलेला प्रश्न त्यामुळे कायमस्वरूपी घराच्या बाबतीत अजूनही खुला आहे.

हे सुद्धा पहा

फैजपूर
सेवाग्राम आश्रम
बापू कुटी
नंदलाल बोस
अखिल भारतीय किसान सभा
साने गुरुजी
अप्पासाहेब पटवर्धन
हरिपुरा अधिवेशन